गाडीच्या दारातली चिठ्ठी

बर्फ म्हटले की आपल्याकडच्या माणसाला उसाच्या रसातला खडा आठवतो, नाही तर महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची हिवाळ्यातली बातमी. बर्फ ही दारात साचणारी, छपरावरून फावड्याने ओढून काढण्याची आणि वर्षातले चार-पाच महिने सोबत राहणारी गोष्ट आहे, हे समजायला अमेरिकेच्या उत्तर टोकाला यावे लागते. मिशिगन राज्याच्या वरच्या अंगाला सुपीरियर सरोवरात घुसलेला किविनॉ नावाचा जमिनीचा एक चिंचोळा तुकडा आहे. कॅनडाकडून येणारे कोरडे गार वारे त्या अफाट सरोवरावरून वाफ उचलतात आणि किनाऱ्याची टेकाडे चढताना तिचा बर्फ करून खाली टाकतात. हिवाळ्यात येथे सरासरी दोनशे इंचांहून अधिक बर्फ पडतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तो ३९०.४ इंच पडला. म्हणजे साडेबत्तीस फूट! तो आकडा दाखवणारी भली उंच मोजपट्टी तेथे हमरस्त्याच्या कडेला उभी केलेली आहे, आणि येणारा-जाणारा मान मागे टाकून ती पाहतो.

वाचकहो, तुम्ही चकली मोडत हा अंक चाळत असाल तेव्हा तिकडे पहिला बर्फ पडूनही गेलेला असेल. १ डिसेंबरला मिशिगनमधल्या बर्फवाटा खुल्या होतात, त्या ३१ मार्चपर्यंत. मग डेट्रॉइटकडच्या घरोघरी गॅरेजचे दार उघडते, वर्षभर पांघरुणाखाली झोपलेली स्नोमोबाईल बाहेर निघते आणि साडेपाचशे मैल उत्तरेला जाण्याची तयारी सुरू होते. तयारी सगळ्याची होते. कपडे, शिरस्त्राणे, खाणेपिणे, सारे काही आठवणीने घेतले जाते. फक्त एका गोष्टीचा हिशेब बहुतेक घरांत होत नाही, आणि तो हिशेब हाच आजच्या लेखाचा विषय.

बापाच्या दुःखातून निघालेले वाहन

प्रथम या स्नोमोबाईलची ओळख करून देतो. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, वर मोटारसायकलीसारखे बसण्याचे आसन आणि हातात दांडा. लांबी दहा फुटांच्या आसपास, रुंदी चार फूट.

तिच्या मुळाशी एक करुण गोष्ट आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मां बोम्बार्डिये नावाचा एक तरुण यंत्रकारागीर राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजलेले. इस्पितळ होते, पण तेथवर पोहोचवणारे वाहन नव्हते. मूल गेले. बर्फावरून चालणाऱ्या गाडीचा नाद बोम्बार्डियेला त्याआधीपासून होताच. आता त्याने तो तडीस नेला. १९३७ साली त्याला आपल्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि अनेक माणसे नेणाऱ्या बर्फगाड्या त्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले यांची त्या गाड्यांनी सोय केली. पुढे १९५९ मध्ये त्याने एक-दोघांपुरती हलकी ‘स्की-डू’ काढली. त्याच दशकात मिनेसोटा राज्यातल्या रोझो गावीही असे वाहन तयार झाले होते. पाहता पाहता गरजेची वस्तू हौसेची झाली.

पण गंमत पाहा. बर्फावर वाऱ्याशी पैज लावणारे हे वाहन साफ केलेल्या डांबरी रस्त्यावर पांगळे असते. त्याला बर्फापर्यंत न्यायला दुसरे वाहन लागते, आणि येथे ते वाहन म्हणजे पिकअप. पुढे माणसांची खोली, मागे उघडा हौदा.

ओढणे वेगळे, पेलणे वेगळे

माझी उमेद डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात गाड्यांचे ब्रेक आणि स्प्रिंगा तपासण्यात गेली. त्यामुळे नात्यागोत्यातला कोणी गाडी घेऊ लागला की माझा सल्ला विचारला जातो. बहुधा गाडी घेऊन झाल्यावर! माझ्या भाच्यानेही तसेच केले. गेल्या हिवाळ्याच्या तोंडी तो नवी कोरी पिकअप घेऊन दारात उभा राहिला. चार दारे, चामड्याची आसने, छताला काचेची खिडकी, चारही चाकांना जोर. दोन वापरलेल्या स्नोमोबाईलही त्याने घेतल्या होत्या. नाताळच्या सुट्टीत बायको आणि दोन मुलांना घेऊन किविनॉला जायचे ठरले होते. दोन्ही स्नोमोबाईल शेजारी-शेजारी चढवता याव्यात म्हणून हौद्यावर बसवायचा एक पत्र्याचा माळाही तो विकत घेणार होता. येथे त्याला स्लेड-डेक म्हणतात.

“मामा, विक्रेता म्हणाला, ही गाडी अकरा हजार पौंड ओढते. दोन स्नोमोबाईल म्हणजे फार तर हजार पौंड. तिला कळणारसुद्धा नाही!”

“ओढते हे बरोबर. पण पेलते किती, ते विचारलंस का?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. यात त्याचा दोष नाही. जाहिरातीत ओढण्याचा आकडा मोठ्या टाइपात असतो, कारण तो मोठा असतो. आमच्या कराडकडे उसाच्या हंगामात बैलजोडी टनावारी ऊस गाडीतून ओढून नेते. तोच ऊस बैलांच्या पाठीवर रचला तर? ओढताना भार गाडीच्या चाकांवर असतो, बैल त्याला फक्त चालवतो. पेलताना भार स्वतःच्या पायांवर येतो. पिकअपचेही तसेच आहे. ट्रेलरला बांधलेला भार ती ओढते. हौद्यातला, माळ्यावरचा आणि आतल्या आसनांवरचा भार मात्र तिला स्वतःच्या पाट्यांवर, आसांवर आणि चार टायरांवर पेलावा लागतो. या पेलण्याच्या मर्यादेला पेलोड म्हणतात.

“पण मामा, ही अर्ध्या टनाची गाडी आहे, आणि माहितीपुस्तिकेत तर पेलोड दोन हजारांच्या वर दिलाय.”

‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ ही जुन्या काळची नावे. तेव्हा ती गाडीची खरी ताकद सांगत; आता ती केवळ घराण्याची नावे उरली आहेत. आजची अर्ध्या टनाची पिकअप त्याहून पुष्कळ पेलते. आणि माहितीपुस्तिकेतला मोठा आकडा असतो तो त्या जातीच्या सर्वांत साध्या, सर्वांत हलक्या गाडीचा. गाडीचे भरल्या वजनाचे कमाल माप ठरलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की उरते ते पेलोड. म्हणून चामड्याची आसने, काचेचे छत, मोठी खोली, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा यांतल्या प्रत्येक वस्तूची किंमत दोनदा मोजावी लागते: एकदा पैशांत आणि एकदा पेलोडमध्ये. एकाच नावाच्या, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांत कित्येक शे पौंडांचा फरक पडू शकतो.

मग खरा आकडा कोठे सापडायचा? मी भाच्याला अंगणात नेले आणि चालकाचे दार उघडायला सांगितले. दाराच्या चौकटीवर, सहज नजर जाणार नाही अशा जागी, पिवळ्या पट्टीची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. टायर फुटून गाड्या उलटण्याच्या अपघातांनी देश हादरल्यावर २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसने टायरांविषयी एक कायदा केला. त्यापाठोपाठ आलेल्या नियमांनी या चिठ्ठीला आजचे रूप दिले. तिच्यावर टायरांचा आकार आणि हवेचा दाब असतो. शिवाय एक वाक्य असते, की माणसे व सामान मिळून इतक्या पौंडांहून अधिक भार कदापि असू नये. तो आकडा त्या एका गाडीचा असतो. भाच्याच्या चिठ्ठीवर तो होता १,५००. म्हणजे सुमारे ६८० किलो.

“दीड हजार! मग हजाराच्या स्नोमोबाईल घालून पाचशे उरले की,” तो म्हणाला.

“चल, आत बसून जमाखर्च मांडू,” मी म्हणालो.

जमाखर्च

चहाचे कप बाजूला सारून आम्ही कागद घेतला. जमेच्या बाजूला एकच रक्कम: १,५०० पौंड. पेट्रोलच्या भरल्या टाकीचे वजन कारखान्याने गाडीच्या वजनात आधीच धरलेले असते, ते पुन्हा मोजायचे नाही. चालक मात्र मोजायचा. चिठ्ठीतल्या ‘माणसां’त तोही येतो. बहुतेक लोक पहिल्यांदा स्वतःलाच विसरतात.

खर्च असा निघाला.

चार माणसे, हिवाळी कपड्यांसह: ६०० पौंड.
शिरस्त्राणे, बूट, पिशव्या, खाणे, हत्यारे: १५० पौंड.
माळा: ४०० पौंड.
दोन स्नोमोबाईल: १,२०० पौंड.

या शेवटच्या रकमेवर भाच्याने हरकत घेतली. एकेक स्नोमोबाईल पाचशे पौंडांची आहे, तिच्या कागदावर तसे छापले आहे, असे त्याचे म्हणणे. छापलेले खरेच होते. पण ते ‘कोरडे’ वजन. त्यात पेट्रोल नाही, तेल नाही, इंजिन गार ठेवणारे पाणी नाही. दहा गॅलन पेट्रोल भरले की साठ पौंड तेथेच वाढले. आणि परतीच्या वाटेवर पट्ट्याच्या आत व पायऱ्यांवर जो बर्फ घट्ट गोठून बसलेला असतो, तो काही उतरून आपल्या पायांनी घरी येत नाही! एकीमागे शंभर पौंड वाढ धरली तर त्यात कंजूषपणा नाही आणि उधळपट्टीही नाही.

बेरीज झाली २,३५०. जमा १,५००. तूट ८५० पौंड, म्हणजे ३८५ किलो. भाच्याला पौंडांत ते उमगेना, तेव्हा मी त्याला म्हटले, “आजोळी गोठ्यात म्हैस पाहिली आहेस ना? तसली एक वर बांधून तू पोराबाळांसह साडेपाचशे मैल बर्फातून निघाला आहेस असं समज.”

तो हसला नाही, याचे मला बरे वाटले.

उलाळ

बेरजेवर गोष्ट संपत नाही. भार किती, याइतकेच तो कोठे बसला यालाही महत्त्व आहे. उसाची गाडी भरताना गाडीवान मोळ्या सारख्या पुढे-मागे करताना मी लहानपणी पाहिला आहे. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टे काचतात. पुढे जास्त झाला तर सारे ओझे बैलांच्या मानेवर.

माळ्यावर चढवलेली दहा फुटांची स्नोमोबाईल आखूड हौद्याच्या बाहेर मागे लोंबते. समजा, पुढच्या व मागच्या आसांत बारा फुटांचे अंतर आहे आणि १,२०० पौंडांचा मध्य मागच्या आसाच्या एक फूट मागे आला. तरफेच्या नियमाने मागच्या आसावर १,३०० पौंड पडतात आणि पुढच्या आसावरचे १०० पौंड उचलले जातात. म्हणजे भार घातला मागे आणि हलके झाले पुढचे टोक! आता आठवा, गाडी वळते पुढच्या चाकांनी आणि थांबण्याचे बहुतेक कामही तीच चाके करतात. कोरड्या रस्त्यावर एवढ्याने काही बिघडल्याचे जाणवत नाही. काळ्या बर्फाच्या वळणावर जाणवते. शिवाय गाडीचे नाक वर होऊन दिव्यांचा झोत रस्त्यावर पडायचा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो. आणि उंचावर चढलेल्या भारामुळे आडव्या वाऱ्यात गाडी डोलते ती निराळीच. म्हणूनच दाराच्या चौकटीवर आणखी एक चिठ्ठी असते, तिच्यावर प्रत्येक आसाची मर्यादा स्वतंत्र दिलेली असते. एकूण भार बसला तरी मागच्या आसाची मर्यादा मोडलेली असू शकते.

यावर बाजारात एक लोकप्रिय उपाय मिळतो. मागच्या पाट्यांना जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या किंवा जादा स्प्रिंगा. त्या बसवल्या की दबलेली गाडी पुन्हा सरळ दिसते. दिसते, एवढेच. आस तोच, बेअरिंगे तीच, ब्रेक आणि टायर तेच. कमरेला पट्टा बांधून म्हातारा ताठ चालू लागला, तरी त्याचे गुडघे काही तरुण झालेले नसतात. चिठ्ठीवरचा आकडा पिशव्यांनी बदलत नाही.

रस्त्याच्या कडेला

हे सारे कागदी वाटेल, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता जानेवारीत हॉटनला एका स्नेह्याकडे निघालो होतो. १९५७ साली खुला झालेला मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल ओलांडला आणि पश्चिमेचा रस्ता धरला. रात्रीचे आठ, उणे वीस अंश सेल्सिअस थंडी. पुढे एक पिकअप एका अंगाला कलून उभी दिसली. माळ्यावर दोन स्नोमोबाईल, मागचे उजवे टायर चिंध्या झालेले. नवरा-बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी. आमच्या सौभाग्यवतींनी मुलीला आधी आमच्या गाडीत घेतले आणि घोंगडीत गुंडाळले.

खरी अडचण पुढेच होती. जादा चाक हौद्याच्या खाली लटकलेले. गाडीबरोबर मिळालेला जॅक तो भार उचलीना. अखेर दोन्ही स्नोमोबाईल खाली उतरवाव्या लागल्या. अंधारात, शेजारून मालमोटारी धडधडत जात असताना. चाक बदलून सारे पुन्हा वर चढेपर्यंत दोन तास गेले. दिव्याच्या उजेडात मी त्याच्या दाराची चिठ्ठी वाचली आणि मनात बेरीज केली. ती त्याला सांगण्याची ती वेळ नव्हती. तोच आपण होऊन म्हणाला, “दोन हिवाळे असाच नेतोय. गाडीने कधी कुरकूर केली नाही.”

मला त्या वाक्याचीच भीती वाटते. भार जास्त झाला की गाडी लगेच मोडत नाही. कारखान्याने थोडी सवड ठेवलेली असते आणि गाडी ती मुकाट्याने खर्च करते. टायरचे तर विशेष. जास्त भाराने आणि कमी हवेने त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकतात, वाकण्याने आत उष्णता साठते आणि बाहेर कडाक्याची थंडी असतानाही आतला थर शिजत जातो. त्यात हिवाळ्याची आणखी एक खोडी. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरले की टायरमधला दाब सुमारे एक पौंडाने घटतो. उबदार गॅरेजमध्ये साठ अंशांवर हवा भरून शून्यात बाहेर पडलात, तर सहा पौंड दाब वाटेतच नाहीसा झालेला असतो. म्हणून दाब मोजायचा तो गाडी रात्रभर बाहेर उभी असताना, थंड टायरांवर.

तोड

तर मग हौस सोडायची की काय? मुळीच नाही. ज्या गाडीला पेलवत नाही तिला ओढू द्यावे. दोन स्नोमोबाईलींचा उघडा ट्रेलर सहाशे पौंडांच्या घरात असतो. वरच्या १,२०० सह १,८०० झाले. ओढण्याच्या अकरा हजारांपुढे हे खरोखरच काही नाही. पेलण्याच्या खात्यावर पडते ते फक्त ट्रेलरच्या मानेचे वजन, म्हणजे जोडावर टेकलेला भार. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के ठेवतात. त्याहून कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हेलकावतो, जास्त झाला तर पिकअपची पाठ दबते. पुन्हा उसाच्या गाडीचाच न्याय!

आम्ही नवा हिशेब मांडला. माणसे ६००, सामान १५०, ट्रेलरची मान २००. बेरीज ९५०. जमा १,५००. शिल्लक साडेपाचशे पौंड.

ट्रेलरला त्रासही आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो मागे घेणे ही एक कलाच आहे; साचलेल्या बर्फात तो रुततो; रस्त्यावरचे मीठ स्नोमोबाईलवर उडते. म्हणून काही लोक माळाच पसंत करतात. त्यांनी पाऊण किंवा एक टनाच्या घराण्यातली गाडी घ्यावी, तिच्याही दारातली चिठ्ठी वाचावी आणि मगच माळा बसवावा. एकट्या-दुकट्याने एकच स्नोमोबाईल न्यायची असेल, तर अर्ध्या टनाच्या गाडीलाही हौद्यात ती सुखाने पेलते.

शेवटची खात्री करायची ती वजनकाट्यावर. आमच्याकडे साखर कारखान्याच्या दारातल्या काट्यावर ऊस उतरण्याआधी गाडी चढते. तसे येथे हमरस्त्यांवर मालमोटारींच्या थांब्यांना काटे असतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी छापून मिळतात. काही डॉलरांचे काम. सगळी माणसे गाडीत बसलेली, टाकी भरलेली आणि सामान चढलेले असताना एकदा तेथे जावे. अंदाजाची जागा आकड्याने घेतली की वादाला जागा उरत नाही.

भाच्याने माळ्याची मागणी रद्द केली आणि सुट्टीपुरता ट्रेलर भाड्याने घेतला. डिसेंबरातल्या एका रविवारी तो सहकुटुंब काट्यावर जाऊन आला. धाकट्याला बापाच्या आधी आपले वजन कागदावर पाहण्याची घाई, तर सुनबाईंना ते इतरांना दिसू नये याची! मागचा आस मर्यादेच्या आत निघाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा हॉटनहून फोन आला. रस्त्यात बर्फ पडत होता, म्हणून पोहोचायला दोन तास उशीर झाला, एवढीच तक्रार होती. मुले जेवून झोपली होती.

थंड मुलखात ज्यांची मुलेबाळे आहेत अशा वाचकांनी दिवाळीच्या फोनवर फराळाची चौकशी झाली की एवढे एक विचारून घ्यावे: दारातल्या चिठ्ठीवर आकडा किती आहे? बहुतेकांना तो ठाऊक नसेल. पण गाडी अंगणातच असते, आणि दार उघडून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.